फणसाखालचे गडी

समस्त राजारामपुरीकरांना, विशेषतः ज्यांच्या दारात आता एकही वाळलेलं पान टिकत नाही अशा सर्व स्वच्छ, सुशिक्षित आणि फरशीप्रिय नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं, की आमच्या परसातल्या फणसाखालचे पिढीजात रहिवासी, म्हणजे सर्वश्री पैसाकिडे, गांडुळं, राखाडी रंगाचे गोल किडे आणि ज्यांची नावं कुणी कधी विचारलीच नाहीत असे त्यांचे असंख्य नातलग, हे सर्वजण कामावर असतानाच एका मे महिन्यात शहाबादी फरशीखाली वारले. काहींना त्याआधी परगावी हलवण्यात आलं होतं. पुढं त्यांचीही तीच गत झाली. अंत्यविधी जागेवरच उरकला. फुलं आणू नयेत. पाचोळा तर मुळीच आणू नये, तो घंटागाडीत टाकावा.

कळवणारा मीच. आणि आता लपवून काय उपयोग, मारणाराही मीच.

ही दवंडी पिटायचं कारण म्हणजे पुन्हा भाद्रपद संपत आलाय. परवा राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यानं येत होतो. क्लासच्या पाट्या आणि मोबाइलच्या दुकानांच्या मधल्या जागेत गाडे लागलेत. मातीचे घट, परड्या, पत्रावळ्या, आणि त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली माती. घटाची माती! एक बाई पिशवी उलटीसुलटी करून बघत होत्या, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघावी तशा. मीही एक पिशवी उचलली, नाकाशी नेली. वास नव्हता. वाईट नाही आणि चांगलाही नाही. गाडेवाला म्हणाला, “घ्या की, पावणं. एकदम क्लीन माल हाय.” मी पिशवी खाली ठेवली आणि चालू लागलो. तो मागून काहीतरी बोलला, ते छापण्यासारखं नाही.

नवरात्रात आमच्याकडं घट बसतो. परडीत माती पसरायची, तीत धान्य पेरायचं, मध्ये पाण्यानं भरलेला घट ठेवायचा, आणि नऊ दिवसांत उगवून आलेले पोपटी तुरे दसऱ्याला टोपीत खोवून गावभर मिरवायचं. लहानपणी मला वाटायचं, हे सगळं देवीचं काम आहे. आई म्हणायची, देवी नऊ दिवस बसते, पण त्याआधी चार महिने दुसरंच कोणीतरी राबतं.

आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. तिचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडं, पार सीमेला चिकटलेलं. रागावली की मराठी आणि लाडात आली की कानडी. गांडुळाला ती एरेहुळू म्हणायची, तेही नातवंडाला हाक मारावी अशा आवाजात. तिचं अंगण आरशासारखं असायचं. पण परसातल्या फणसाखाली दगडांची एक रांग मांडून तिनं हद्द आखली होती आणि त्या हद्दीच्या आत खराटा न्यायची कुणाची टाप नव्हती. मृग निघाल्यापासून घट बसेपर्यंत तिथलं एक पान हलवायचं नाही. उलट फाल्गुनात गल्लीतल्या बायका आपापल्या दारातला पाचोळा बुट्ट्या भरभरून तिथंच आणून ओतायच्या. तांदळाचं धुवण, भाजीची देठं, सगळं तिथंच.

एकदा मला स्वच्छतेची उबळ आली. शाळेत काहीतरी बक्षीस होतं त्याचं. खराटा घेऊन मी दगडांच्या आत एक पाऊल टाकलं, तर मागून आरोळी आली.

“ए, ए! ठेव त्यो खराटा खाली. गडी जेवालेत.”

मी इकडंतिकडं बघितलं. “कुठले गडी?”

“तुला दिसत न्हाईत म्हणून त्यांस्नी उपाशी ठेवायचं व्हय?”

मग तिनं मला उकिडवं बसवलं आणि वरची दोन पानं अलगद उचलली. आणि साहेब, पडदाच वर गेला! खाली नाटक चालू होतं, तेही भरगच्च पात्रांचं. पैसाकिडा म्हणजे नटसम्राट. काळातांबडा, चकचकीत, अंगाखालून पायांची लाट इकडून तिकडं सरकत जायची. बोट लावलं की नाण्यासारखा वेटोळा होऊन पडायचा आणि मेल्याचं सोंग इतकं मनापासून वठवायचा की आपल्यालाच पाप लागल्यासारखं व्हायचं. राखाडी गोल किडे म्हणजे गर्दीतले शिपाई, धक्का लागला की वाटाण्यासारखे गडगडत जायचे. तिळाएवढी काहीतरी पांढरी पोरं नुसत्याच उड्या मारायची. आणि गांडूळ हे पडद्यामागचं पात्र. ते स्वतः क्वचित दिसायचं, सकाळी मातीच्या बारीक गोळ्यांची रास तेवढी दिसायची.

हे सगळे खात होते. फणसाचं पान जाड, चामड्यासारखं. शिमग्याला पडलेलं पान आषाढात मऊ व्हायचं, श्रावणात त्याची जाळी व्हायची, नुसत्या शिरा, त्यातून पलीकडचं बोट दिसायचं. आणि भाद्रपदात ते पान नसायचंच. त्याच्या जागी काळी, ओलसर, भाकरीच्या पिठासारखी भुसभुशीत माती. पान कुजतं ते आपोआप, असं मला वाटायचं. आपोआप काही होत नाही, कोणीतरी जेवतं तेव्हा ते होतं, हे मला कळायला फार उशीर लागला.

भाद्रपदाच्या शेवटच्या त्या दिवसांचा वास मला अजून नाकात धरून ठेवता येतो. पावसाची रिपरिप थांबलेली असायची. ऊन पडायचं आणि परसातून वाफ निघायची. ओलं पोतं, पिकून फुटलेला पेरू, गोठ्यातली सकाळ आणि नुकतीच तव्यावरून उतरलेली भाकरी, या सगळ्यांचा मिळून एक वास असेल तर तो. दुपारी गल्ली झोपलेली असताना फणसाखाली कान लावला तर कुरकुर ऐकू यायची. इतकी बारीक, की आपलाच कान वाजतोय असं वाटावं. अक्का म्हणायची, “पंगत बसलीय. कान काढ, लाजतील.”

सर्वपित्रीचा नैवेद्य झाला की दुपारी ती सुपली आणि चाळण घेऊन तिथं बसायची. हा तिचा सोहळा. चपला हद्दीबाहेर. वरचा पाचोळा हातानं बाजूला सारायचा, मनगटापर्यंत पंजा मातीत खुपसायचा आणि डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतात तशी ती मातीची नाडी बघायची. कोणीतरी बोटाला लागेपर्यंत हलायची नाही. कधी क्षणभरात लागायचं, कधी बराच वेळ जायचा, आणि आम्ही उगीचच श्वास रोखून उभे. मग तिचा चेहरा सैल पडायचा.

“हाय. हाय की कोण तरी.”

त्यानंतरच सुपली भरायची. ज्या मातीत कोणी हाताला लागलं नाही ती माती घटाला चालत नाही, हा तिच्या माहेरचा शिरस्ता. पोथीत नसेल, तिच्या बोटांत होता. चाळणीत जे कोणी वर राहायचे त्यांना ती परत पाचोळ्यात सोडायची. “जावा रं आपापल्या कामावर.”

शेजारच्या गौराक्का हमखास त्याच वेळी यायच्या. त्यांचं धान्याचं दुकान, घरात शंकराची नेमाची पूजा, आणि पूजेच्या बेलासाठी दारात मोठ्या कुंडीत लावलेलं बेलाचं झाड.

“अक्का, माझ्या बेलाला ओंजळभर द्या की. औंदा पानं बारीक पडालेत.”

“माती न्हेवा. गडी ठेवून जावा.”

“अवो, गड्यांबिगार त्या मातीला काय चाटायचंय?”

“मग त्यांस्नी घालाय पायजे खायला. वर पाला टाका. फुकट राबवून घेऊ नगा, शंकर बघतोय.”

गौराक्का पदरात माती आणि त्यातले चारदोन गडी घेऊन जायच्या. पुढच्या महिन्यात बेलाची पानं तळहाताएवढी. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर तळहात लहान पोराचा धरा.

आता माझ्या लग्नाकडं येतो, कारण सगळं रामायण तिथंच घडलं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी एका पतसंस्थेत चिकटलो होतो, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात हवा. श्रावणात एक स्थळ घर बघायला आलं. कोल्हापूरचंच, पण नव्या फ्लॅटमधलं. मुलीचे आईवडील आणि आत्या. आत्याबाई रेशमी साडीत, एकूण घराकडं दुकानातला डागी माल बघावा तसं बघत होत्या. पोहे झाले. हात धुवायला त्या परसातल्या नळावर गेल्या. त्याच मुहूर्तावर आमच्या नटसम्राटानं रंगमंचावर प्रवेश केला. शपथेवर सांगतो, तो एरवी दगडांच्या बाहेर कधी पाऊल टाकत नसे, आणि पावलं त्याच्याकडं भरपूर होती. त्यालाही पाहुणे बघायची हौस आली असणार. तो आत्याबाईंच्या घोट्यावरून थेट साडीच्या काठाकडं निघाला.

“अगं आई गं! किती पाय! किती पाय!”

सगळं घर मागं धावलं. आत्याबाई एका पायावर नाचत होत्या. अक्कानं शांतपणे वाकून त्याला तळहातावर घेतलं, आणि पाहुण्यांना धीर यावा म्हणून तोंडभर हसून म्हणाली, “काय करत न्हाय, पावणं. आमच्या घरचाच हाय.”

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळवूनच तर ते आले होते. पानपट्टीवर ही बातमी माझ्याआधी पोचली. “दिन्या, तुझं स्थळ शंभर पायांनी पळालं की रं!” पानपट्टीवर मीही हसलो. मनात मात्र एक काळा दगड ठेवून घरी आलो. मला आत्याबाईंचा राग आला नाही. मला फणसाखालच्या ओल्या काळ्या मातीची लाज वाटली. आपण जिथं खेळून वाढलो त्या जागेची लाज वाटायला लागली, की माणूस शहरी झाला असं समजावं.

पुढच्या मे महिन्यात अक्का भाच्याच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेली. ती एसटीत बसली, त्याच संध्याकाळी मी गडमुडशिंगीच्या आनंदा गवंड्याला निरोप धाडला.

आनंदा हा जुना माणूस. आमच्या घराची भिंत त्याच्या बापानं बांधलेली. त्यानं फणसाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर हात ठेवला.

“मालक, झाडाच्या बुडाला दोन हात मोकळं सोडूया की.”

“नको. एकसलग पाहिजे. पान पडलं तर घसरत गटारीपर्यंत गेलं पाहिजे.”

“मग झाड श्वास कशानं घेणार?”

“पानांनी,” मी म्हणालो. “शाळेत शिकलोय मी.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “व्हय. मी न्हाय शिकलो,” म्हणाला, आणि सिमेंट कालवायला बसला.

हातभर माती उकरली. मे महिना, त्यामुळं सगळे गडी खोल जाऊन झोपले होते. फावड्याबरोबर वर आले ते वेटोळ्यांचे पुंजकेच्या पुंजके. ऊन लागताच एकेक वेटोळं उलगडून सावलीकडं धावायला लागलं, आणि सावली तर आम्ही मुरमानं भरत होतो. कडेकडेनं किडे मारायची पांढरी पावडर मी माझ्या हातानं टाकली. आनंदानं विचारलं, ही माती कुठं टाकू? मी म्हणालो, कुठंपण. “मग माज्या रानात न्हेतो. सोनं हाय हे.” ट्रॉली भरून माती गडमुडशिंगीला गेली. माझ्या स्वच्छ, सपाट, देखण्या परसात मी खुर्ची टाकून चहा प्यायलो. एकही किडा नाही. मला फार सुखाची झोप लागली त्या दिवसांत.

अक्का भर दुपारी परत आली. पिशवी हातातच. मागच्या दारात थांबली, सवयीनं चपला काढल्या आणि फरशीवर पाय टाकला. चटका बसला. तिनं पाय मागं घेतला. मी भाषण तयार ठेवलं होतं, स्वच्छता, आरोग्य, आजकालच्या मुलींच्या अपेक्षा वगैरे. ते वापरायची वेळच आली नाही. “चकचकीत झालंय,” एवढंच म्हणाली. संध्याकाळी भाकरी थापता थापता न वळताच तिनं विचारलं, “माती कुठं गेली?”

“आनंदाच्या रानात.”

“बरं झालं. काही तर जित्ती हाईत म्हणायची.”

त्या वर्षापासून सर्वपित्रीला मी तिला स्कूटरवर मागं बसवून गडमुडशिंगीला नेऊ लागलो. आनंदानं ती माती बांधावरच्या करंजाखाली ओतली होती. अक्का तिथं उकिडवी बसायची, हात खुपसायची. “हाय,” म्हणायची. मग माझ्याकडं एकदा बघायची. ते बघणं मला घरापर्यंत पुरायचं.

दरम्यान माझं लग्न झालं. मांडव त्याच फरशीवर पडला, सगळ्यांनी फरशीची तारीफ केली. बायको शेतकऱ्याघरची. दुसऱ्या दिवशी परसात उभी राहून तिनं विचारलं, “इथं पाणी मुरतं कुठं?” मी म्हणालो, मुरत नाही, जातं. कुठं जातं ते तिनं विचारलं नाही. पावसाळ्यात गल्लीत घोट्याएवढं पाणी साचायला लागलं तेव्हा तिला उत्तर मिळालं.

फणस बोलला नाही. झाडं काय, नि आई काय. पानं मात्र अवेळी पिवळी पडायला लागली. फरशीवर पान पडलं की पूर्वीसारखा मऊ ‘टप्प’ व्हायचा नाही, वाऱ्याबरोबर खरखर खरखर फिरत राहायचं, निरोप घेऊन आलेल्या माणसाला घर सापडू नये तसं. रोज सकाळी ती पानं पोत्यात कोंबून मी घंटागाडीची वाट बघायचो. गल्लीत एकेक घर पडून तिथं अपार्टमेंट चढत होती, प्रत्येकाच्या दारात फरशी नाहीतर पेव्हिंग ब्लॉक, आणि प्रत्येकाच्या हातात पानांचं पोतं. आम्ही सगळे रांगेत उभे राहून मातीचं जेवण गाडीत टाकत होतो आणि एकमेकांना विचारत होतो, काय, चहा झाला का?

पाण्याच्या टाकीमागं, फरशी आणि भिंतीच्या फटीत फणसाचं एक पान अडकलं होतं. मी ते मुद्दाम काढलं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर बघितलं, तसंच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बघितलं, थोडं काळपट, पण अख्खं. देठासकट, शिरांसकट. मरायला कोणाची मदत लागत नाही, पण कुजायला माणसं लागतात, हे मला त्या पानानं शिकवलं. तिसऱ्या वर्षी मी ते बघायचं सोडून दिलं.

फणसाचे गरे बारके झाले, मग कोवळ्या फणसांच्या कुयऱ्याच काळ्या पडून गळायला लागल्या, मग शेंडा वाळला. पाचव्या वर्षी, खाली उभ्या केलेल्या माझ्या गाडीवर फांदी पडू नये म्हणून, झाड उतरवलं. अक्का त्या दिवशी गौराक्कांकडं जाऊन बसली. गौराक्काही तोवर वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेल्या होत्या. बेलाची कुंडी बाल्कनीत होती आणि पूजेचा बेल बाजारातून येत होता. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही.

आणि मग एका भाद्रपदात आनंदा स्वतःच आला. अंगावर नवा शर्ट, पण दारातच उभा.

“अक्का, औंदा येऊ नगा. रानात मुरूम पडलाय. पोरांनी प्लॉट पाडलं.”

“आणि करंज?”

“रस्त्यात येत होता.”

मग त्यानं उगीच हसून भर घातली, “फरशीचं काम मलाच दिलंय सगळ्या प्लॉटांचं. एकसलग.” शेवटचा शब्द त्यानं माझ्याकडं बघून म्हटला.

त्या वर्षी मी खुरपं आणि पिशवी घेऊन कोल्हापूरभर हिंडलो. करमणूक म्हणून ऐका. एका बागेत माळ्यानं माझ्याकडं परवानगीचा कागद मागितला. रस्त्याकडेच्या एका मोठ्या झाडाखाली उकरलं, तर गुटख्याच्या पुड्या, बाटलीची झाकणं आणि कोणाची तरी चप्पल. दुसऱ्या झाडाखाली पाचोळा होता, पण पेटवलेला. एका पायाभरणीच्या खड्ड्यात ताजी तांबडी माती दिसली. मुकादम म्हणाला, “न्हेवा की ट्रक भरून,” पण तिच्यात हात घालायचा धीर मला झाला नाही. संध्याकाळ झाली, आणि मी राजारामपुरीतल्या गाड्यावरून पिशवी आणली. पिशवीवर छापलं होतं, शुद्ध, चाळलेली, किडेविरहित.

घट बसायच्या सकाळी देवघरात सगळे जमलो होतो. गौराक्का जिना उतरून, रस्ता ओलांडून, धान्य घेऊन आल्या होत्या. मला गप्प बसवत नव्हतं. माझ्यातला गाडेवाला जागा झाला. पिशवी उंच धरून मी पुकारा केला, “अक्का, आता चाळायची भानगडच नाही! थेट परडीत!”

अक्कानं पिशवी माझ्या हातातून घेतली, माती परडीत ओतली, वर पाणी शिंपडलं, आणि मनगटापर्यंत हात घातला. डोळे मिटले. गौराक्का मुठीत गहू धरून थांबल्या. बायकोनं निरांजन लावायची काडी विझवली. बाहेर घंटागाडीचं गाणं वाजत गेलं, लांब गेलं, ऐकू येईनासं झालं. अक्काची बोटं मातीत हळूहळू फिरत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग तळाला. नखं परडीच्या काड्यांवर घासल्याचा आवाज आला. तिनं हात बाहेर काढला नाही. डोळे तेवढे उघडले, आणि माझ्याकडं नाही, कोणाकडंच नाही, समोर बघत एकदम मोठ्यानं म्हणाली,

“अगं बाई, ह्यात कोणच न्हाय की!”